सात, सत्त आणि सेत्ते

(वरुड तालुक्यातल्या एका महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फाटकाजवळच्या फळ्यावर आजच्या व्याख्यानाचा विषय लिहिलाय, ‘रोमान्स भाषा आणि संस्कृती: मायनर विषय म्हणून’. मायनर म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला घ्यायचा दुय्यम विषय. मी आत येत होते तेव्हा तीन पोट्टे तो फळा वाचून खो-खो हसत होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “चाल बे, याले तं बसाच लागते.” ते तिघंही मागच्या बाकावर बसलेले दिसतायत. आता फसलातच, बसा.

तुमचं हसणं अगदीच चुकीचं नाही, एवढं आधी सांगते. रोमन साम्राज्यात लोक जी बोलीतली लॅटिन बोलत, तिच्यातून फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, रुमानियन, कातालान अशा भाषा निघाल्या. ‘रोमान्स’ म्हणजे मुळात ‘रोमन लोकांच्या बोलीत’. पंडितांचं लिखाण लॅटिनमध्ये चाले आणि वीरांच्या, राण्यांच्या, प्रेमाच्या गोष्टी या बोलीत रचल्या जात. म्हणून अशा गोष्टींनाच रोमान्स म्हणायला लागले. गोष्टींत प्रेम फार, म्हणून पुढे शब्दाचा अर्थ तेवढाच उरला. फ्रेंचमध्ये आजही कादंबरीला ‘रोमां’ म्हणतात. तुम्ही हसलात ते आठशे-नऊशे वर्षांच्या या प्रवासाच्या शेवटच्या टोकावर.

आता आपल्या बांधावर येऊ. संत्र्यांमुळे वरुड-मोर्शीला सगळे विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. हे कॅलिफोर्निया नाव कुठलं? सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये अशीच एक अद्भुत वीरकथा छापली गेली, तिच्यातल्या एका काल्पनिक बेटाचं हे नाव. स्पॅनिश दर्यावर्दींनी ते खऱ्या किनाऱ्याला चिकटवलं, आणि संत्रावर्गीय झाडंही तिकडे स्पॅनिश धर्मप्रसारकांनीच नेली. म्हणजे आपण आपल्या तालुक्याचं कौतुक करतो ते स्पॅनिश शब्दाने.

फळाच्या नावाची गोष्ट याहून मोठी आहे. संस्कृतात नारंग, फारसीतही नारंग, अरबीत नारंज. अरबांबरोबर शब्द स्पेनमध्ये गेला, तिथे ‘नारांखा’ झाला. पोर्तुगीजांनी ‘लारांजा’ केला. इटालियनमध्ये सुरुवातीचा न गळून ‘आरांचा’ झाला, फ्रेंचमध्ये ‘ओरांज’, आणि तिथून तो इंग्रजीत आला. पुढे गोड जातीची फळं पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी युरोपभर विकली, म्हणून रुमानियनमध्ये फळाचं नावच ‘पोर्तोकाला’ पडलं. संत्र्याला पोर्तुगाल म्हणायचं! आपण नाही का, गाव सांगून माल विकत?

मग ‘संत्रा’ शब्द? तो पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला, असं तुम्हाला कोणीतरी छातीठोकपणे सांगेल. मीही कॉलेजात असताना ते सगळ्यांना सांगत फिरायचे. पण बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातली फळं नोंदवली, त्यात ‘संगतरा’ आहे. बाबर १५३० मध्ये गेला. पोर्तुगीजांचं पहिलं जहाज कालिकतला लागलं १४९८ मध्ये. तीस-बत्तीस वर्षांत किनाऱ्यावरच्या परक्यांचा शब्द आग्र्यापर्यंत पोचून रुळणं अवघड आहे. सिंत्राची कथा ऐकायला गोड, पण टिकत नाही. भाषा शिकताना ही सवय लागली पाहिजे. शब्दाचा उगम कोणी सांगितला की आधी साल विचारायचं.

पोर्तुगीज शब्द मराठीत आले नाहीत असं मात्र नाही. चावी, पगार, तुरुंग, बादली, लिलाव हे सगळे तिकडचे. गंमत म्हणजे ते सगळीकडे सारखे पसरले नाहीत. पुण्या-मुंबईत बटाटा म्हणतात, आपण आलू म्हणतो. ते पेरू खातात, आपण जाम खातो. मार्केट यार्डाच्या कागदावर लिलाव असतो, तोंडी मात्र हर्रास. किनाऱ्यावरून निघालेले शब्द वऱ्हाडात पोचेपर्यंत बरेच गळले. पण घमेलं बघा! पोर्तुगीज ‘गामेला’. हे घमेलं रेती-सिमेंट घेऊन थेट तुमच्या घराच्या स्लॅबवर चढलं.

असे शब्द गोळा करायला मजा येते, पण त्यासाठी तीन वर्षांचा मायनर घेऊ नका. घ्यायचा तर दुसऱ्या कारणासाठी.

(फळ्यावर लिहीत) संस्कृतात सप्त. प्राकृतात सत्त. मराठीत सात. आता शेजारी लॅटिन लिहिते, ‘सेप्तेम’. आणि इटालियन? ‘सेत्ते’. पुढचा आकडा. अष्ट, अट्ठ, आठ. लॅटिन ‘ऑक्तो’, इटालियन ‘ओत्तो’. दोन वेगवेगळी व्यंजनं शेजारी आली की बोलणाऱ्याची जीभ कंटाळते आणि एकालाच दुप्पट करते. आपल्याकडे दुग्धाचं दुद्ध झालं आणि मग दूध. तिकडे ‘लाक्ते’चं ‘लात्ते’ झालं, तेच जे नागपूरच्या कॉफीच्या दुकानात दोनशे रुपयांना मिळतं. इटालियन प्राकृताच्या पायरीवर थांबली, मराठी आणखी एक पायरी उतरली, एवढाच फरक. गंगेच्या काठी आणि रोमच्या टायबर नदीकाठी माणसांच्या जिभेने एकच खोडी केली. फ्रेंच लोकांची तऱ्हा आणखी निराळी. ते सातला ‘सेत’ म्हणतात, लिहिताना मात्र मध्ये प लिहितात. पूर्वी लिहीत नव्हते. पंडितांना लॅटिनची आठवण आली आणि त्यांनी तो परत बसवला. असले पंडित आपल्याकडेही कमी नाहीत.

हे मला पुस्तकातून लवकर कळलं नाही. मी एका मोठ्या शहरात स्पॅनिश शिकायला गेले. वर्ग चांगला होता, पण सगळं इंग्रजीतून. तिसऱ्या आठवड्यात ‘मे गुस्ता’ आलं. ‘मे गुस्ता ला नारांखा’ म्हणजे मला संत्रा आवडतो. सर इंग्रजीतून समजावत होते की इथे आवडणारी वस्तू कर्ता असते, माणूस कर्ता नसतो, हे विचित्र आहे, पाठ करून टाका. सगळा वर्ग वहीत घोकत होता. मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, ‘मला संत्रा आवडतो, मला संत्रे आवडतात.’ स्पॅनिशमध्येही एक असेल तर ‘गुस्ता’, अनेक असतील तर ‘गुस्तान’. अगदी तेच! ‘मे’ म्हणजे ‘मला’. ज्या वाक्याला सर विचित्र म्हणत होते, ते मी दोन वर्षांची असल्यापासून बोलत होते. इंग्रजी शाळेतली हुशार मुलं परीक्षेत तिथेच अडखळली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण या वर्गात चुकून आलेलो नाही.

पुढे फ्रेंच घेतलं तेव्हा पुन्हा तसंच झालं. आपण म्हणतो ‘मी लिहिलेला शब्द’ आणि ‘मी लिहिलेली चिठ्ठी’. लिहिणारी मीच, पण क्रियापद बदलतं ते शब्दामुळे आणि चिठ्ठीमुळे. फ्रेंचमध्येही अशा रचनेत लिहिलेला शब्द असेल तर ‘एक्री’, लिहिलेली चिठ्ठी असेल तर ‘एक्रीत’. या नियमाने फ्रेंच पोरंसुद्धा रडतात. तुम्ही रडणार नाही. तू आणि तुम्ही, त्यांचं ‘त्यु’ आणि ‘व्हू’. तेही तुम्हाला कोणी शिकवायला नको. स्पॅनिशमधल्या ‘तुम्ही’ची तर गोष्टच आहे. ‘व्हुएस्त्रा मेर्सेद’ म्हणजे आपली कृपा. तेच झिजत झिजत ‘उस्तेद’ झालं. वाड्यावर मुजरा करून बोलायचा शब्द आता बसच्या तिकिटासाठी वापरतात.

आणि माझी आजी. गोवऱ्या रचताना ती कधी ऐंशी म्हणाली नाही. विसाच्या राशी करायची आणि ओरडून सांगायची, “चार इसा न् तीन झाल्या वं पोरी.” मी शाळेत जाणारी, मला लाज वाटायची. त्र्याऐंशी म्हण ना! पुढे फ्रेंचच्या पहिल्या धड्यात त्र्याऐंशी आलं, ‘कात्र-व्हें-त्र्वा’. चार, वीस, तीन. आजी पॅरिसला गेली असती तर गोवऱ्यांचा हिशेब चुकला नसता.

म्हणून प्राचार्यांसमोरच सांगते. हा मायनर इथे सुरू करायचा असेल तर तो मराठीतून शिकवा. इंग्रजीतून शिकवाल तर वळसा घालून आपल्याच घरी येण्यासारखं होईल, आणि अर्धी पोरं वळशातच हरवतील.

आता हिशेब. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आलं आणि मेजर-मायनर हे शब्द आपल्या तोंडी बसले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट आहेत, त्यातले २४ मायनरचे. प्रत्येक विद्यापीठाचा आकडा थोडा खालीवर होईल. एका क्रेडिटला १५ तास धरले तर ३६० तास. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश किंवा फ्रेंच कामापुरतं यायला साधारण ६०० ते ७५० तास धरतं. म्हणजे मायनर केला की फाडफाड बोलाल, असं कोणी सांगत असेल तर तो जाहिरात करतोय. युरोपात भाषेच्या पायऱ्या ठरल्या आहेत, ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा. मन लावून केलंत तर ३६० तासांत दुसरी पायरी नीट चढाल, तिसरीवर एक पाय. नोकरीसाठी बहुतेक ठिकाणी चौथी मागतात. ती चढायला पुढे पुणे विद्यापीठ आहे, दिल्लीचं जेएनयू आहे, आणि आपल्याला जवळचं म्हणजे हैदराबादचं इफ्लू, इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ.

एक भाषा धरा आणि तिच्यात मुरा. पाच भाषांत नमस्कार करणारे खूप भेटतात, सहावं वाक्य कोणालाच येत नाही. एक नीट आली की बहिणीची चिठ्ठी अर्धी आपोआप वाचता येते. कापसाचंच बघा. फ्रेंच ‘कोतों’, इटालियन ‘कोतोने’, स्पॅनिश ‘अल्गोदोन’. तिसरा वेगळा दिसतो ना? वेगळा नाही. अरबी ‘कुत्न’ला पुढचा ‘अल’ चिकटून राहिला, बस. स्पेनमध्ये ७११ पासून १४९२ पर्यंत कुठे ना कुठे मुसलमानी राज्य होतं. तिथल्या लोकांनी शब्द बाजारात ऐकला, तो ‘अल’सकट. इथे शब्दाच्या पोटात इतिहास आहे, आणि तो कापसाच्या शब्दात आहे. आपल्या तालुक्याला याहून जवळचा धडा कुठला देणार?

संस्कृतीचं एकच उदाहरण देते, नाहीतर बस जाईल. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया म्हणून शहर आहे, संत्र्यांसाठी प्रसिद्ध. तिथे मार्चमध्ये ‘फायास’ नावाचा उत्सव होतो. गल्लोगल्ली लाकूड आणि कागदाचे मोठमोठे पुतळे उभे करतात, पुढाऱ्यांची, श्रीमंतांची टिंगल करणारे, आणि १९ मार्चच्या रात्री सगळे जाळून टाकतात. फोटो दाखवला की आमच्या नागपूरच्या पोरी म्हणतात, “मॅडम, हे तर बडगे!” नागपुरात पोळ्याच्या पाडव्याला पिवळी आणि काळी मारबत अशा मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, मागे बडगे म्हणजे टिंगलीचे पुतळे, त्यांच्यावर पाट्या असतात, महागाईच्या, भ्रष्टाचाराच्या. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत शेवटी दहन. दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. व्हॅलेन्सियाचा उत्सव सुतारांशी आणि संत जोसेफशी जोडलेला आहे. पण ज्याने मारबत पाहिली आहे त्याला फायासचा अर्थ सांगावा लागत नाही, धूर किती झाला एवढंच तो विचारतो.

तसंच रिद्धपूरचं. इथून फार दूर नाही, आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ आहे. महानुभावांचे नागदेवाचार्य आपल्या पंडित शिष्याला संस्कृतात लिहू देत नव्हते; त्याने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असं म्हणत. फ्रान्समध्ये तूर गावी ८१३ मध्ये धर्मसभा भरली, तिने ठरवलं की प्रवचन खेडवळ रोमन बोलीत सांगा, कारण लॅटिन लोकांना कळत नाही. दोन्हीकडे कळकळ म्हाताऱ्यांचीच.

विचारा आता.

(इंग्रजी कच्चं असेल तर चालेल का, असं एका विद्यार्थिनीने विचारलं.) चालेल. मराठी पक्कं आहे का? मग चालेल. शब्दकोश बहुतेक इंग्रजीतले मिळतील, तेवढ्यापुरतं इंग्रजी लागेल, ते वाटेत येतं.

(मागे उभ्या असलेल्या एका पालकांनी विचारलं की त्या व्हॅलेन्सियाचा संत्रा आपल्यासारखा सोलता येतो का.) काका, माझी चूक पकडलीत. नाही येत. त्याची साल घट्ट, तो चिरून खातात किंवा रस काढतात. आपला नागपुरी संत्रा सैल सालीचा, जात वेगळी. स्पॅनिशमध्ये सैल सालीच्याला ‘नारांखा’ नाही, ‘मांदारीना’ म्हणतात. म्हणजे फळ्यावर ‘मे गुस्ता ला मांदारीना’ हवं होतं. कोणीतरी पुसा ते. हा शब्द चीनच्या मंडारिन अधिकाऱ्यांच्या नावाचा, ते नाव पोर्तुगीजांनी मलाय लोकांकडून उचललं, आणि मलाय लोकांनी आपल्याकडून. मूळ शब्द मंत्री.