प्रेझेंटेशनमध्ये आवाज सपाट का होतो?

नमस्कार मंडळी! प्रेझेंटेशन द्यायचं म्हटलं की आपण आधी स्लाईड्सच्या मागे लागतो, मग कोणीतरी सांगतं की अरे आवाजात जरा चढउतार आण, आणि मग हा गडी मधेच एखादा शब्द उगाच ठासून म्हणतो, तोही भलताच. समोरचे नुसते दचकतात.

माझं म्हणणं असं की आवाज सपाट येतो कारण मजकूरच सपाट असतो. "तक्रार निवारणाचा कालावधी कमी करण्यात आला आहे." हे कसंही म्हणा, नोटीस वाचल्यासारखंच वाटणार. आता हे बघा: "समजा, एका दुकानदार बाईंचं बिलिंग मशीन शुक्रवारी संध्याकाळी बंद पडलं, काउंटरवर ही रांग, त्या घाईघाईत आपल्याला फोन लावतात आणि पलीकडून काय उत्तर येतं? सोमवारी बघू." म्हणून बघा एकदा. रांगेपर्यंत येता येता वेग आपोआप वाढतो आणि "सोमवारी बघू" एकदम थंड येतं, कोणी शिकवावं लागत नाही. एक माणूस, त्याची अडचण, मग काय बदललं, बास. मिनिटभरात उरका, आणि तुमचा आकडा त्यानंतर सांगा, म्हणजे तो कोणाच्या तरी कामाचा वाटतो.

बरं, ते "९३ टक्के संवाद शब्दांशिवाय होतो" सगळीकडे फिरतं ना, ते डोक्यातून काढून टाका. ते आलंय मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून, त्यात लोकांना सुटे शब्द ऐकवून बोलणाऱ्याच्या भावनेचा अंदाज बांधायला सांगितलं होतं. तुमच्या सेल्स मीटिंगशी त्याचा काय संबंध!

बोलता बोलता मधे थांबण्याचं म्हणाल तर ९ जानेवारी २००७ चा स्टीव्ह जॉब्सचा आयफोनवाला व्हिडिओ काढा. आधी म्हणतो तीन नवीन वस्तू आणल्यात, टचवाला आयपॉड, मोबाईल फोन आणि इंटरनेटचं साधन. प्रत्येक नावानंतर थांबतो, टाळ्या होऊ देतो. मग तीच तीन नावं पुन्हा पुन्हा म्हणत राहतो, लोकांच्या लक्षात यायला लागतं, हशा पिकतो, आणि मग सांगतो की या तीन वस्तू नाहीतच, एकच आहे. एका वाक्यात संपलं असतं, पण त्याने ताणून धरलं.

आणि एक खास मराठीत बोलणाऱ्यांसाठी. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि श्वास संपल्यामुळे आपला आवाज नेमका तिथेच पडतो. "यंदा नफा बारा टक्क्यांनी..." वाढला की घटला? मागच्या रांगेला कळतच नाही! फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त वाक्यांची शेपटं ऐका. जिथे गिळलंय तिथे वाक्य तोडून दोन करा, "बारा टक्के" म्हणा, श्वास घ्या, मग "वाढला" म्हणा.