आजोबांचं लेथ टेपर का मारतंय?

(शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. अर्धं वर केलेलं शटर, आत लेथ.)

भंगारवाल्यानं या लेथचा, म्हणजे धातू गोल फिरवून कातणाऱ्या मशीनचा, भाव किलोवर सांगितला होता. बीड (ओतीव लोखंड) किती, त्यात गनमेटल (तांब्याचा मिश्रधातू) किती निघेल, सगळा हिशेब त्याच्या तोंडावर. घरचे जवळजवळ तयार झाले होते. नातवानं अडवलं, आणि ते काही आजोबांच्या आठवणीसाठी नव्हे. गुऱ्हाळाच्या चरकाचा एखादा शाफ्ट, पंपाचा एखादा बुश असे सुटे जॉब येतात, ते सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, लावणं परवडत नाही.

(हेडस्टॉकवरची, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या बाजूच्या पेटीवरची, ओतीव अक्षरं.)

नाव आहे किर्लोस्कर. १९४१ साली हरिहरला, तुंगभद्रेच्या काठावर, मैसूर किर्लोस्कर सुरू झाली. महायुद्धामुळे विलायतेहून मशीन येणं मुश्कील झालेलं, तो हा काळ. आता कंपनी नाही, म्हणजे स्पेअरही नाहीत. जे लागेल ते याच गल्लीत बनवून घ्यायचं.

तक्रार एकच: मशीन टेपर मारतंय, म्हणजे सरळ कातलेला जॉब एका टोकाला जाड निघतो. चार इंच लांबीत तीन थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जो येतो तो सांगतो, "बेड गेलंय, ग्राइंडिंगला पाठव."

बेड (ज्यावरून टूल पुढे-मागे सरकतं तो पाया) झिजलंय हे खरं. जॉब बहुतेक आखूड, त्यामुळे सॅडलची (टूल वाहून नेणाऱ्या भागाची) वर्षानुवर्षं ये-जा चकजवळच, म्हणजे जॉब धरणाऱ्या जबड्याजवळच. टेलस्टॉककडच्या (जॉबचं दुसरं टोक टेकवतात त्या बाजूच्या) टोकाला, जिथं सॅडल कधी गेलंच नाही, तिथून नख ओढत आणलं की बारीक पायरी लागते.

पण ही झीज जेवढी डोळ्यांत भरते तेवढी कामात नडत नाही. ४० मिलिमीटरच्या जॉबवर टूल सरळ खाली ०.१ मिलिमीटर बसलं, तर व्यासात फरक पडतो जेमतेम अर्धा मायक्रॉन. टूल आडवं, म्हणजे जॉबकडे किंवा जॉबपासून दूर, सरकलं की मात्र गाठ पडते. जितकं सरकेल त्याच्या दुप्पट फरक व्यासात. आणि आडवं सरकायचं एक मोठं कारण म्हणजे बेडला पडलेला पीळ. कोबा एकसारखा नसताना चारी पायांचे बोल्ट आवळले, की एवढं जाड बीडसुद्धा पिळतं. म्हणून शेजारचे म्हातारे टर्नर म्हणाले ते बरोबर होतं: "आधी लेव्हल बघ बाळ, मग बेडला नावं ठेव."

(बेडवर आडवी ठेवलेली लेव्हल. बुडबुडा सरकतो.)

ही गवंड्याची लेव्हल नव्हे. हिची एक रेघ म्हणजे मीटरला ०.०२ मिलिमीटर. आधी चकच्या बाजूला, मग टेलस्टॉकच्या बाजूला ठेवायची. दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी थांबला पाहिजे. इथं थांबत नाही.

खरी परीक्षा जॉबवरच. चकमध्ये जाड बार धरायचा, टेलस्टॉक न लावता. त्यावर दोन कॉलर (उंच राखलेले पट्टे) ठेवायच्या, एक चकजवळ, एक टोकाला. एकाच सेटिंगवर दोन्हींवरून हलका कट घ्यायचा आणि मायक्रोमीटर लावायचा. टोकाची कॉलर जाड निघाली, तर टेलस्टॉकच्या बाजूचा, आपल्या पुढचा पाय किंचित उचलायचा. बोल्टची पाव फेरीसुद्धा पुष्कळ होते. पुन्हा कट, पुन्हा माप. कंटाळवाणं काम आहे. त्यामुळेच लोक थेट ग्राइंडिंगला पळतात.

तीन थाऊचा टेपर अर्ध्या थाऊवर आला. बेडला हात न लावता.

क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) नटाचे आटे मात्र सुरीसारखे झाले होते. हा नट मुद्दाम गनमेटलचा असतो, म्हणजे झिजायचं ते त्यानं, स्क्रूनं नव्हे. नवा ओतून घेतला. आटे डावे, हे सांगायला विसरलात तर नट वाया.

(गीअरचा गठ्ठा. एक मोठा, नवाकोरा.)

आणि हा १२७ दातांचा गीअर. लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू, इंचाचा, इंचाला चार आटे. देशात मेट्रिकचा कायदा १९५६ चा, आणि आज गिऱ्हाईक बोल्ट मागतं मिलिमीटरमधला. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, पाच इंच म्हणजे नेमके १२७. म्हणून हाच आकडा. दीड मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांतलं अंतर) आटे पाडायचे तर स्पिंडलकडून (चक फिरवणाऱ्या दांड्याकडून) ३० दातांचा गीअर, लीड स्क्रूवर १२७, मध्ये आयडलर (नुसता जोडणारा गीअर). हिशेबात पॉइंटानंतरचं काहीच उरत नाही.

एक पथ्य पाळायचं. हे आटे पुरे होईपर्यंत हाफनट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा नट) उघडायचा नाही. कट संपला की टूल मागं घ्यायचं, मोटर उलटी फिरवून सॅडल परत आणायचं. मध्ये उघडलात तर पुढचा कट आधीच्या आट्यात बसेलच असं नाही, आणि बहुधा बसत नाहीच.

रंग अजून दिलेला नाही. आधी चरकाचा शाफ्ट द्यायचाय. गुऱ्हाळवाला दोनदा येऊन गेलाय.