बारा आरे, सहा पुठ्ठे

(दृश्य: पहाट. कडुनिंबाखाली बाभळीचा ओंडका. लाकूड तासायच्या वाकसाचे घाव, उडणारे ढलपे.)

निवेदन: इंदूरच्या पश्चिमेला, देपालपूरच्या बाजूचं एक गाव. वैशाख चालू आहे. वाकस धरलेले हे हात बैलगाडीची चाकं घडवणाऱ्या, पंचाऐंशी ओलांडलेल्या एका सुताराचे. घरात ते बाबा, गावातल्या मालवी शेतकऱ्यांचे मिस्त्रीजी. घर मराठी, होळकरांच्या काळात दक्षिणेतून इकडे येऊन राहिलेलं. होळकरांचं राज्य १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झालं, त्याच सुमारास बाबांनी वडिलांसमोर बसून करवतीचं दुसरं टोक धरलं. पुढे १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. बाबांचा ओटा तोच राहिला.

(दृश्य: ओंडक्याची शेणाने लिंपलेली टोकं.)

निवेदन: हा ओंडका दोन पावसाळे सावलीत पडून होता. लाकूड टोकांकडून लवकर सुकतं आणि तिथूनच तडकतं, म्हणून टोकं शेणमातीने लिंपायची. घाई केली तर तडा तुंब्यात उतरतो, आणि तडकलेल्या तुंब्यात आरा कधीच घट्ट बसत नाही. तुंबा म्हणजे चाकाचं पोट. त्याच्या मधोमध लोखंडी नळी, नळीत आस, आणि दोघांमध्ये एरंडेलात भिजवलेली अंबाडी.

(दृश्य: परकार. तुंब्यावर उमटणाऱ्या खुणा.)

निवेदन: इथे जरा थांबून पाहा. बाबा चौथी शिकलेले. परकाराने वर्तुळ काढतात आणि तेच अंतर न बदलता घेरावर टाकत जातात. सहाव्या खेपेला टोक पहिल्या खुणेवर परत येतं, दर वेळी. हे झाले सहा पुठ्ठे, म्हणजे चाकाच्या लाकडी कडेचे सहा तुकडे. प्रत्येक भागाचे दोन केले की बारा आरे. पट्टीची गरज नाही, आकडेमोड नाही. ज्याला आपण अशिक्षित कारागीर म्हणतो, त्याच्या हातात ही भूमिती सत्तर वर्षांहून जास्त काळ आहे.

(दृश्य: पटाशीने वेज, म्हणजे आऱ्यासाठी भोक, पाडणं. आरा ठोकून बसवणं. बोटांचा क्लोजअप.)

निवेदन: आरा हाताने सहज शिरला तर तो बाद. घणाचे सात-आठ घाव खाऊन बसला पाहिजे. वरून पुठ्ठे चढतात, एका पुठ्ठ्याला दोन आरे. दोन पुठ्ठ्यांच्या सांध्यात मात्र नखाएवढी फट मुद्दाम ठेवलेली आहे. सगळं कसब त्या फटीत आहे. फट कमी पडली तर धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, आवळताना पुठ्ठे आधीच एकमेकांना भिडतात आणि आरे आत सैल राहतात, गाडी चालली की खुळखुळतात. फट जास्त झाली तर सगळा दाब आऱ्यांवर येतो, ते वाकतात आणि चाक ताटलीसारखं खोल होतं.

(दृश्य: लोखंडी पट्टी. पुठ्ठ्यांवरून, मग पट्टीवरून फिरणारी लहान चकती.)

निवेदन: साडेचार फुटी चाकाचा घेर चौदा फुटांवर भरतो. पट्टी दोन इंच रुंद, अर्धा इंच जाड. वजन २२ किलोच्या आसपास. चकतीचे फेरे मोजून बाबा लोहारदादांना पट्टी घेरापेक्षा पाऊण ते एक इंच आखूड कापायला सांगतात. लाल होईपर्यंत तापली की ती सव्वा इंचाच्या आसपास लांबते. तेवढ्या सवडीत ती चाकावर उतरते आणि थंड होताना स्वतःच सगळे सांधे आवळते. एकही खिळा नाही.

(दृश्य: गोवऱ्यांचं रिंगण. आग. तिघे सांडशीने धाव उचलतात. धूर, ज्वाळा, पाणी.)

(वीस सेकंद निवेदन नाही. आवाज फक्त लाकूड कडकडण्याचा.)

निवेदन: हा कडकडाट फट मिटल्याचा. पाणी ओतायला उशीर झाला तर पुठ्ठे जळून बारीक होतात आणि धाव सैल पडते. म्हणून पाण्याच्या घागरी आधी भरायच्या, मग आग पेटवायची. हे काम घरातल्या बायकांचं. आज सूनबाई आणि नात आहेत. गावात या कामाला सुताराचं काम म्हणतात. घागरीवाल्या हातांचं नाव त्यात कधी आलं नाही, ते यायला हवं.

धाव वैशाखातच चढवतात, कारण लाकूड आता पुरतं सुकलेलं असतं. पावसात ते फुगतं आणि पकड आणखी घट्ट होते. ओल्या दिवसांत चढवलेली धाव पुढच्या उन्हाळ्यात सुटते. मग शेतकरी चाक नाल्यात बुडवून ठेवतो, पाचरी मारतो आणि शेवटी इथेच आणतो.

(दृश्य: भिंतीवरचा फोटो. कोपऱ्यात टायरगाडीचं चाक.)

निवेदन: मजुरी खळ्यावर मिळायची, गहू आणि ज्वारी. त्यावर बाबा आणि आजींनी चार मुलं वाढवली. माळव्यात १९७०च्या दशकात सोयाबीन आलं. ते काढून गहू पेरायला दिवस थोडे उरतात. बैलांची चाल पुरेना, ट्रॅक्टर आले, गाड्यांना टायर लागले. आजी आता नाहीत. दोन मुलं इंदूरला फर्निचरच्या कामावर, नातू पीथमपूरच्या कारखान्यात.

(दृश्य: बाबा चाक अंगणात गडगडत नेतात, एका डोळ्याने कडेकडेने पाहतात.)

निवेदन: चाक डुलत असेल तर ते इथेच दिसतं. हे डुलत नाही. जोडीतलं दुसरं चाक परवा. त्याच्या गोवऱ्या वाळत घातल्या आहेत.