पहिलं गिऱ्हाईक

नमस्कार श्रोतेहो.

कऱ्हाडात माझं लाकडी फर्निचरचं दुकान आहे. तीस वर्षं झाली या धंद्याला. आज मी शिक्षा भोगून घरी परतलेल्या एका सुताराबद्दल आणि त्याच्यासोबत मी जे शिकलो त्याबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव सांगणार नाही, गावही नाही. गुन्हा कुठला, हे तुम्ही विचारू नये आणि मी सांगू नये. त्याची शिक्षा न्यायालयानं दिली आणि त्यानं ती पुरी केली.

2022 साली ओळखीच्या एका परिवीक्षा अधिकाऱ्यांनी, म्हणजे सुटून आलेल्यांना पुन्हा उभं राहायला मदत करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी, त्याला माझ्याकडे आणलं. "हात चांगला आहे, पण धंदा कधी केलेला नाही. जरा लक्ष द्याल का?" एवढंच म्हणाले. खरं सांगतो, मनात धाकधूक होती. घरी बायकोनंही विचारलं, कशाला ही जोखीम? मी त्याच्यापुढे सागाची एक फळी ठेवली आणि रंधा दिला. त्यानं आधी फळी डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटून तिचा बाक पाहिला, मग रेषांची दिशा बघून रंधा लावला. गुण्या लावून कोपरा तपासला तेव्हा मधून उजेडाची तिरीपसुद्धा दिसत नव्हती. येरवड्याच्या सुतारकामाच्या कारखान्यात तो वर्षानुवर्षं टेबलं-कपाटं करत होता. कसब शिकवायची गरजच नव्हती.

मग अडत कुठे होतं? तो आत गेला 2010 साली. तेव्हा हजाराची नोट चालत होती. बाहेर आला तर ती नोट गेलेली, जीएसटी आलेला आणि चहाच्या टपरीवरसुद्धा क्यूआर कोड टांगलेला. मोबाइलचा जुना नंबर कधीच बंद पडला होता, म्हणून आधारचा ओटीपी येईना, म्हणून बँकेचं काम होईना. संचित रजेवर, म्हणजे शिक्षेच्या काळात कैद्याला मिळणाऱ्या सुट्टीवर, यायचा तेव्हा चार दिवस आईजवळ बसून परत जायचा, बाजाराशी संबंध येतच नव्हता. आधार केंद्रात नंबर बदलायला मी त्याच्यासोबत गेलो. अर्ध्या तासाचं काम, पण एकटा गेला असता तर रांगेतूनच परत फिरला असता, असं त्यानंच मला नंतर सांगितलं.

दुसरी अडचण कामाचा भाव ठरवण्याची होती आणि ती मला सगळ्यांत मोठी वाटते. आत लाकूड समोर येतं, माप समोर येतं, मजुरी ठरलेली असते. गिऱ्हाईक कधी दिसतच नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका मावशींनी देव्हाऱ्याची विचारणा केली, तर यानं सांगितले अठ्ठावीसशे. मी म्हटलं, बस, वही काढ. साग, प्लाय, बिजागऱ्या, पॉलिश, सगळं मिळून एकवीसशे. टेम्पो तीनशे. उरले चारशे आणि काम चार दिवसांचं. म्हणजे रोजाचे शंभर रुपये! "दादा, आत याहून कमीच मिळायचे," तो म्हणाला. त्याला ते कमी वाटतच नव्हतं. त्या दिवशी आम्ही दुकान बंद करून रात्री दहापर्यंत बसलो. घासायचा कागद किती लागतो, एखादी फळी फुटली तर ती कुणाच्या खात्यात, विसार किती घ्यायचा, उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला हात जोडायचे. हे कुठल्या प्रमाणपत्राच्या वर्गात शिकवत नाहीत. ते आपल्यासारख्या गल्ल्यावर बसणाऱ्यांनाच ठाऊक असतं.

भांडवलाची सोय अजिबात नाही असं म्हणता येत नाही. सरकारच्या योजना आहेत, मुद्रा कर्जात शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत मिळतात. राज्य सहकारी बँकेनं तर 1 मे 2022 रोजी येरवड्यात आतल्या बंद्यांसाठी 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू केली. पन्नास हजारांपर्यंत, सात टक्के व्याजानं, आणि हप्ते आतल्या मजुरीतून फेडायचे. घरच्यांचं आजारपण, मुलांची फी, वकिलाचा खर्च यासाठी. मला हे पाऊल फार मोलाचं वाटतं. आत असलेल्या माणसावर बँक विश्वास टाकते. तोच माणूस सुटून आला की त्याला राहत्या घराचा पुरावा आणि जामीनदार मागितला जातो, आणि नेमकं हेच त्याच्याकडे नसतं.

आणि हे झालं पक्क्या कैद्याचं. आपल्या देशातल्या तुरुंगांत चारपैकी साधारण तीन जण कच्चे कैदी आहेत, खटला संपायची वाट पाहणारे. त्यांच्या हाताला आत बहुतेक वेळा कामच नसतं. ते सुटतात तेव्हा कसबही नसतं आणि साठलेली मजुरीही नसते. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून अशा माणसांबरोबर काम करतो आहे. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांत मात्र एखादा दुकानदार पुढे आला तरच काही होतं.

आमच्या भागाला खरं तर कैद्यांवर असा विश्वास टाकण्याची जुनी ओळख आहे. औंध संस्थानात 1939 साली राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी भारतानंद, म्हणजे मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकारानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंत नसलेली वसाहत उभारली. कैदी बायकामुलांसह राहून शेती करायचे. अलीकडे कळंबा कारागृहातल्या बंद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले, आपण ते कपाळाला लावून खाल्ले. त्याच हातांनी उद्या गल्लीत मिठाईचं दुकान काढलं तर आपण पायरी चढू ना?

आता माझी चूक सांगतो. देव्हारा छान झाला, त्यावरून एका घरी स्वयंपाकघराचं काम मिळालं. ताईंनी विचारलं, "कुठं शिकलास रे?" तो बोलायच्या आत मीच म्हणालो, "माझ्याकडेच." वाटलं, पोराला वाचवलं. पंधरा दिवसांत त्यांना दुसरीकडून कळलं. काम गेलं, विसार परत द्यावा लागला. आणि त्यांचा राग त्याच्या शिक्षेवर कमी, लपवाछपवीवर जास्त होता. परतताना तो गाडीवर मागे बसला होता. म्हणाला, "दादा, मी सांगणार होतो." मला उत्तर सुचलं नाही.

तेव्हापासून ठरवलं, काम आधी दाखवायचं आणि विचारलं तर सरळ सांगायचं. पुढच्या गिऱ्हाइकानं, निवृत्त मास्तर होते ते, तोच प्रश्न विचारला. त्यानं सांगितलं, "येरवड्याला. शिक्षा झाली होती, ती भोगून आलो." मास्तर थोडा वेळ गप्प बसले. ड्रॉवर ओढून पाहिला, पुन्हा आत सारला. मग म्हणाले, "बरं, याला चॅनेल कुठल्या कंपनीचे लावणार आहेस?"

त्या कपाटाचे पैसे त्यांनी वेळेवर दिले आणि मुलीच्या घरचं कामही यालाच सांगितलं. आज त्याची स्वतःची शेड आहे, पत्र्याची, बारा बाय वीसची. भाव मात्र अजूनही मला विचारून सांगतो. हल्ली तर मीच त्याला पॉलिशचं विचारतो.

तुमचं दुकान असेल, गॅरेज, बेकरी, शिवणकाम, काहीही असेल, तर तुमच्या जिल्ह्याच्या परिवीक्षा अधिकाऱ्यांना जाऊन भेटा. आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकतो, एवढंच सांगा. हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात भेटतात. जाताना आपल्या धंद्याची एक जुनी हिशेबाची वही सोबत न्या, बोलायला सोपं जातं.

नमस्कार.