रोटर खिशात, ट्रॅकर काथ्यात

(दृश्य: बेळगावातल्या शहापूरची एक अरुंद गल्ली, पहाटेची वेळ. दगडी कट्ट्याला लागून ताडपत्रीखाली एक गाडी. दूधवाला सायकल वाकडी करून कडेने निघून जातो.)

ताडपत्रीखाली आहे ती 1970 ची फियाट. 1100 डी. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. गाडी माझ्या काकांची, पण गल्लीतली दोन-तीन लग्नं हिनेच पार पाडलीत, त्यामुळे हक्क सगळ्यांचाच.

हिला कुलूप आहे, पण नावाला. किल्ली झिजून नखासारखी गुळगुळीत झालीय. जुन्या फियाटवाल्यांना विचारा, झिजलेली किल्ली दुसऱ्याच्या दाराला लागल्याचा एक तरी किस्सा प्रत्येकाकडे असतो. आणि किल्ली नसली तरी काय? बॅटरीपासून ठिणगीसाठी दाब वाढवणाऱ्या कॉइलपर्यंत एक वायर ओढली की इग्निशन चालू. आजच्या गाडीत किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. इथे असं ओळखबिळख विचारणारं कोणी नाही.

(दृश्य: बॉनेट उघडतं. काकांचे हात, जवळून.)

म्हणून काका गाडी लावली की बॉनेट उघडतात. प्लगांना आळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या दोन क्लिपा अंगठ्याने मागे सारतात, टोपी उचलतात आणि आतला रोटर सरळ वर ओढून काढतात. अंगठ्याएवढा, तपकिरी बेकेलाइटचा, माथ्यावर पितळेची पट्टी. तिच्या टोकाला ठिणग्यांनी खाल्लेला काळा डाग. रुमालात गुंडाळायचा, सदऱ्याच्या खिशात टाकायचा, टोपी होती तशी बसवायची. आता स्टार्टर कितीही फिरवा. कॉइलचा करंट प्लगपर्यंत जाणारच नाही.

हे त्यांना शिकवलं कॅम्पातल्या एका निवृत्त फौजी ड्रायव्हरने. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच, तेव्हा असा एखादा जाणकार हाताशी सापडतोच. युक्ती मूळची लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये उभी गाडी निकामी करून ठेवायची सक्ती होती, शत्रू उतरला तर त्याच्या हाती चालती गाडी लागू नये म्हणून. रोटर काढून खिशात घालणं हा त्यातला सोपा मार्ग.

पण रोटरला एक गोष्ट जमत नाही. गाडी उचलून टेम्पोत घातली तर तो काय करणार?

(दृश्य: उद्यमबाग. एका फौंड्रीत लालभडक रस साच्यात ओतला जातोय.)

चोराला जुनी गाडी चालवायला हवी असते असं नाही. सुटे भाग मिळेनासे झाले की दरवाजे, काचा, मीटर, कार्ब्युरेटर, सगळ्याला वेगवेगळं गिऱ्हाईक असतं. उरलं ते लोखंड. बेळगाव हे फौंड्र्यांचं गाव. इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, की बिडाचा ब्लॉक एकदा भट्टीत गेला की त्यावर ठोकलेला इंजिन नंबर कायमचा गेला. कोणावर बोट ठेवायचं नाही मला. फक्त गाडी गेल्यावर हातात किती वेळ उरतो, ते लक्षात यावं.

तो वेळ मिळवून देतो ट्रॅकर.

(दृश्य: तळहातावर काडेपेटीएवढी काळी डबी. दोन वायरी, एक सिमकार्ड.)

लोकांना वाटतं, वरून सॅटेलाइट आपल्या गाडीकडे बघत असतो. तसं नाही. सॅटेलाइट नुसते वेळेचे सिग्नल सोडत राहतात. ही डबी चार किंवा जास्त सॅटेलाइट पकडते, हिशोब करते आणि आपली जागा आपणच ठरवते. मग ती जागा आपल्या फोनला कळवते, तेही मोबाईलच्या सिमवरून. म्हणजे कामं दोन. एक आभाळाचं, एक टॉवरचं. जांबोटी मागे टाकून कणकुंबी, चोर्ला घाट धरलात की आभाळ असतं, टॉवर ये-जा करतो. चांगली डबी अशा वेळी जागा साठवून ठेवते आणि रेंज आली की सगळी एकदम पाठवते. घेताना हे दुकानदाराला जरूर विचारा. सिम कोणतं चालतं तेही विचारा, कारण स्वस्तातल्या कित्येक डब्या नुसत्या 2 जीवर चालतात आणि जिओकडे 2 जी नाहीच.

आता ही डबी बसवायची कुठे? नव्या गाडीत प्लॅस्टिकच्या बंपरमागे सुद्धा चालतं. फियाटचं अंग मात्र सगळं पत्र्याचं, आणि पत्र्याआड सॅटेलाइट दिसत नाही. बॉनेटखाली, डिकीच्या कोपऱ्यात बसवाल तर ती आंधळीच.

जुन्या पी. बी. रोडवरच्या आमच्या मिस्त्रीने गाडी दोनदा फिरून बघितली. मग मागची सीट उचलली. आत स्प्रिंगा, वर काथ्या, त्यावर रेक्झीन. त्याने काथ्या हाताने बाजूला केला, डबी आत बसवली, वरचा भाग काचेकडे ठेवून. पन्नास वर्षांचा काथ्या परत दाबला, वर रेक्झीन ओढलं.

वायरीच्या बाबतीत तो कडक.

"जुनी वायर कापू नका हां सायेब. पन्नास वर्षांचं रबर हाय. हात लावला की पापडासारखं मोडतंय."

त्याने बॅटरीपासून वेगळी वायर ओढली, बॅटरीच्या तोंडाशीच छोटा फ्यूज घातला. हा फ्यूज पन्नास रुपयांचाही नसेल, पण तो नसताना वायर कुठे पत्र्याला घासली तर गाडी चोरीला जाण्याऐवजी जळूनच जाईल. आणि तुमची गाडी जुनी इंग्लिश असेल तर आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते बघा. त्या काळातल्या बऱ्याच गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. आजच्या पद्धतीने काळी वायर बॉडीला लावलीत की डबी जागच्या जागी खलास.

इंजिन लांबून बंद करणारा रिलेही ट्रॅकरबरोबर मिळतो. दुकानदार तो किल्ली आणि कॉइल यांच्यामधल्या वायरीत बसवून देतो. जुन्या गाडीत हे बिनकामाचं. चोर स्वतःची वायर थेट बॅटरीवरून कॉइलला आणणार, तुमचा रिले बसला एकीकडे. मिस्त्रीने म्हणून दुसरी बाजू धरली. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटकडे, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या स्विचकडे, जाणारी वायर एका लपवलेल्या स्विचने बॉडीला टेकवली. स्विच दाबलेला असला की पॉइंट उघडला काय, मिटला काय, ठिणगीच पडत नाही, मग वायर कुठूनही आणा. स्विच कुठे आहे ते मी सांगणार नाही. काकूलाही माहीत नाही.

(दृश्य: रात्र. चित्ररथ, ढोल, दिव्यांच्या माळा.)

पहिली परीक्षा झाली ती शिवजयंतीला. बेळगावची शिवजयंती म्हणजे रात्रभर चित्ररथ. काका मिरवणूक बघायला गेले, रोटर खिशात. रात्री कधीतरी फोन थरथरला. गाडी हलली. ढोलाच्या आवाजात त्यांना कळलं ते सतरा मिनिटांनी. धावत गल्लीत आले तर फियाट आपल्या जागेवरून आठ-दहा फूट मागे, कट्ट्याला चिकटलेली. एक चित्ररथ वळत नव्हता म्हणून पोरांनी मागून उचलून उचलून सरकवली होती. वर एकाने सांगितलं, "काका, हँडब्रेक चांगला हाय की."

चोर नव्हता, पण दोन गोष्टी कळल्या. नुसता किल्ली फिरवल्यावर वाजणारा ट्रॅकर असता तर तो गप्पच बसला असता, कारण किल्ली कोणी फिरवलीच नव्हती. हलल्यावर जागं होणारा सेन्सर हवा. आणि दुसरं, फोन थरथरून भागत नाही. आता तो मेसेज काकांच्या, माझ्या आणि समोरच्या घरातल्या पोराच्या फोनवर येतो, आणि त्याला अँब्युलन्ससारखा आवाज लावलाय. सतरा मिनिटांत गाडी हायवेला लागलेली असते.

(दृश्य: ड्रोनवरून राष्ट्रीय महामार्ग 48. कोगनोळीचा टोलनाका. ट्रकांची रांग.)

आणि हायवेला लागली की सीमा लांब नाही. निपाणीच्या पुढे कोगनोळी, तिथून कागल, म्हणजे महाराष्ट्र. वेंगुर्ला रस्त्याने बाची ओलांडली की शिनोळी, चंदगड तालुका, तोही महाराष्ट्र. चोर्ला उतरला की गोवा. आपण या रेषेवर सत्तर वर्षं भांडतोय. चोराला ती लगेच कामाला येते.

ट्रॅकरला रेषा दिसत नाही. पण सिमला दिसते. महाराष्ट्र आणि गोवा मिळून मोबाईलचं एक सर्कल, कर्नाटक दुसरं. तेव्हा रोमिंग चालू आहे ना, हे डबी गाडीत घालून शिनोळीपर्यंत चहाला जाऊन एकदा बघून या. आणि पोलिसांना रेषा दिसत असली, तरी तक्रार घ्यायला ती आड येऊ शकत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. 112 ला फोन, फोनवरचा नकाशा पोलिसांच्या हातात, आणि आपण मागे. ठिपका दिसतोय म्हणून चार मित्र घेऊन एखाद्या शेडवर धडकायला जाऊ नका. ठिपका माणसं किती आहेत ते दाखवत नाही.

तो छोटा गोल ब्लूटूथ टॅग? काकांनी तोही घेतलाय, दुसरा डाव म्हणून. त्यात जीपीएस नसतं, सिम नसतं. आसपास दुसऱ्या कुणाचा फोन असला तर त्या फोनच्या मार्फत तो आपली जागा कळवतो. खडेबाजारात छान चालतो. घाटात मुका. आणि अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरतोय, हे सांगणारा इशारा चोराच्याही फोनवर येऊ शकतो. पाठलागाला आळा बसावा म्हणून केलेली ती सोय, तिच्याविरुद्ध बोलता येत नाही. नाणं-बॅटरी वर्षभर पुरते, तेवढीच जमेची बाजू.

कागदाचं पटकन सांगतो. जुनी गाडी बहुतेक घरांत अजून आजोबांच्याच नावावर असते. आजोबा गेले, आरसी बुक तसंच. गाडी गेल्यावर मालक म्हणून पुढे कोण येणार? वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 असतो, तो भरून टाका. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला 2021 च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. पण मग ती रोज बाजारात नेता येत नाही. काका नाही म्हणाले. भाजी कशात आणायची?

(दृश्य: पाऊस. ताडपत्रीवर धारा. गल्लीतून वाहणारं पाणी.)

जूनमध्ये फियाट ताडपत्रीखाली जाते. पहिल्या वर्षी आम्ही फसलो ते इथेच. ट्रॅकर दिवसरात्र बॅटरी पीत असतो. 20 मिलिअँपियर धरा, दिवसाला जवळजवळ अर्धा अँपियर-अवर. 40 अँपियर-अवरची बॅटरी तीन महिन्यांत तळाला. ऑगस्टमध्ये बॅटरी गेली, मग डबीची आतली बॅटरीही गेली, आणि गणपतीपर्यंत नकाशावर काही नव्हतं. एरवीही हिच्यात डायनामो. दुसऱ्या रेल्वे गेटात इंजिन चालू ठेवून उभं राहिलं तरी चार्जिंग होत नाही, लाल दिवा लुकलुकत राहतो. आता पावसाळ्यात बॅटरीला छोटा चार्जर कायम जोडलेला असतो आणि डबी झोपेच्या मोडवर. हलली तरच उठते, नाहीतर दिवसातून एकदा हजेरी लावते.

यंदा सप्टेंबरात ताडपत्री काढली. चारही महिने हजेरी चुकली नव्हती. बॅटरी भरलेली, पेट्रोल ताजं घातलं, बॉनेट उघडलं. काकांनी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग घरात जाऊन कपाटातल्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे.

(दृश्य: स्वयंपाकघर. फळीवर कुंद्याच्या मिठाईचा रिकामा डबा. काकू तो खाली घेते, हलवून बघते. आत काहीतरी खुळखुळतं.)