तारीख कोणाच्या हाती?

बेळगावच्या उद्यमबागेतील एखादी फाउंड्री, म्हणजे धातू ओतण्याचा कारखाना, घ्या. येथे वाळूच्या साच्यात तापलेला रस ओतणाऱ्या कोणालाही जॉबवर्क म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही: नमुना गिऱ्हाईक कंपनीचा, तारीखही तिचीच, नाकारलेल्या मालाचा तोटा मात्र कारखानदाराचा. व्हिडिओ गेम बनवणारे अनेक स्टुडिओ अशाच करारावर चालतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जी मराठी मुले-मुली अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्या-बंगळुरूच्या स्टुडिओंत काम शोधतात, त्यांनी तो करार नीट समजून घ्यावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

गेम बाजारात आणणारी प्रकाशक कंपनी स्टुडिओला आगाऊ पैसे देते, पण एकरकमी नाही. कामाचे टप्पे ठरतात, प्रत्येक टप्प्याला गेम जेवढा झाला असेल तेवढा पाठवायचा असतो आणि तो पसंत पडला की पुढचा हप्ता सुटतो. विक्री सुरू झाल्यावर प्रकाशक सहसा आधी आपली रक्कम वसूल करून घेतो, स्टुडिओचा विक्रीतील वाटा, म्हणजे रॉयल्टी, त्यानंतर. चाळीस जणांचा पगार दर महिन्याला द्यायचा असेल, तर हप्ता अडकून चालत नाही, आणि म्हणून खेळणाऱ्याला तासन्‌तास जाणवणारी एखादी उणीव तशीच राहते, तर टप्प्याच्या दिवशी डोळ्यांत भरेल ते काम आधी उरकले जाते.

ऑब्सिडियन या स्टुडिओने ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ सुमारे १८ महिन्यांत तयार केला आणि बेथेस्डाने तो २०१० साली प्रकाशित केला. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ८५ गुण मिळाले तर स्टुडिओला बोनस, असे ठरले होते, मिळाले ८४. गेम बाजारात आला तेव्हा त्यात तांत्रिक चुका बऱ्याच होत्या हे खरे, परंतु त्याच्या कथेची आजही वाखाणणी होते, आणि इतक्या मोठ्या कामाच्या चुका निस्तरायला १८ महिने अपुरेच होते, असे आमचे मत आहे.

स्टुडिओ लहान असला की दडपण कमी, हा समजही तपासून पाहावा लागतो. १९८२ साली अटारी या गेम कंपनीने ‘ई.टी.’ या चित्रपटावरचा गेम नाताळच्या विक्रीसाठी हवा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकाच प्रोग्रॅमरला जेमतेम पाच आठवडे दिले, आणि न खपलेली त्या गेमची कार्ट्रिज पुढे न्यू मेक्सिकोतील कचरा डेपोत पुरली गेली. ‘स्टारड्यू व्हॅली’ही एकट्या एरिक बॅरोनने बनवला, पण त्यासाठी त्याने सुमारे साडेचार वर्षे घेतली आणि २०१६ साली तो स्वतःचे समाधान झाल्यावरच विक्रीस आणला. दोन्हीकडे काम करणारा माणूस एकटाच होता. तारीख मात्र एका ठिकाणी कंपनीची होती आणि दुसऱ्या ठिकाणी त्याची स्वतःची.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्टसारख्या मोठ्या कंपनीला तर बाहेरच्या प्रकाशकाची गरजही पडली नाही. तरीही भागधारकांच्या अपेक्षा आणि स्वतःच जाहीर केलेल्या तारखा यांच्या ओझ्याखाली ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये इतका अर्धवट बाहेर पडला, की आठवडाभरात सोनीने तो प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे. ‘राजी’ या गेमसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर २०१७ साली केलेले आवाहन अपुरे पडले, आणि २०२० साली गेम प्रसिद्ध होण्याआधी त्या छोट्या चमूला पैशाची मोठी ओढाताण सोसावी लागली. स्वतःची तारीख स्वतः ठरवण्याची किंमत अशी घरातूनच मोजावी लागते, आणि ही बाजू तरुणांना फारसे कोणी सांगत नाही.

टिळकवाडीतल्या एखाद्या खोलीत बसून दोघा-तिघांना आज प्रकाशकाशिवायही गेम विकता येतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर एका गेमचे शुल्क १०० डॉलर आहे आणि विक्रीतील साधारण ३० टक्के वाटा स्टीम घेते. प्रकाशक भेटलाच, तर सही करण्याआधी टप्पा पसंत आहे की नाही हे कोण आणि किती दिवसांत सांगणार, आणि काम मध्येच थांबवले तर गेमचे हक्क कोणाकडे राहणार, एवढे तरी कागदावर लिहून घ्यावे.