सात घरांतलं एक घर

नमस्कार मंडळी. मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात ना, तर माझं घर त्यातलं कितवं असतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी पुण्यात राहते, पेठेत. दिवसा एका ऑफिसात हिशेब बघते आणि उरलेल्या वेळात मांजरं, म्हणजे रस्त्यावरची जखमी, आई मेलेली पिल्लं घरी आणायची, जगवायची आणि मग त्यांच्यासाठी घर शोधत फिरायचं. पगार नाही, ओरखडे भरपूर.

इथे बोलायला बोलावलं तेव्हा म्हणाले की पिल्लू दिसलं तर कसं वाचवायचं ते सांगा. मी उलटंच सांगणार आहे, पिल्लू दिसलं की लगेच उचलू नका.

हे मी कशी शिकले ते ऐका. २०१५ची गोष्ट, आमच्या जुन्या वाड्यात जिन्याखाली पाण्याच्या मीटरमागे तीन पिल्लं रडत होती, डोळे नुकते किलकिले झालेले, म्हणजे असतील दहाएक दिवसांची. मला वाटलं आई टाकून गेली, मग काय, बुटाच्या खोक्यात घातली, घरी आणली, गाईचं दूध कोमट केलं आणि ड्रॉपरने पाजलं, तेही तान्ह्या बाळासारखं उताणं धरून. तीन दिवसांत दोन गेली. आणि त्या तीनही रात्री एक कबरी मांजर जिन्यात येऊन ओरडत होती, मीटरमागे जायची, बाहेर यायची, परत आत जायची. मला दुसऱ्या रात्री कळायला हवं होतं, कळलं तिसऱ्या रात्री. उरलेलं एक पिल्लू मी परत तिथे नेऊन ठेवलं आणि पाच मिनिटांत ती त्याला मानेला धरून कौलांवरून घेऊन गेली. सरळ सांगायचं तर मी तिची पिल्लं पळवली होती.

आई खायला शोधायला जाते हो, दोन तास, चार तास, कधी जास्तसुद्धा. जागा बदलताना तर एकेक पिल्लू नेते, तेव्हा शेवटचं एकटंच बसलेलं असतं आणि नेमकं तेच आपल्याला दिसतं. तुम्ही जवळ उभे असाल तर ती येणारच नाही, म्हणून लांब जा. मी एक करते, पिल्लांभोवती जरा अंतर ठेवून गव्हाच्या पिठाचं पातळ रिंगण घालते आणि घरी जाते. परत येऊन बघितलं आणि पिठात गौरीच्या पावलांसारखी पावलं आत गेलेली दिसली की समजायचं, माऊली येऊन गेली. पिल्लं स्वच्छ असतील, पोट गोल असेल, झोपलेली असतील तर सगळं ठीक आहे. अंग थंड, मळलेलं आणि सारखं रडतंय, किंवा कुत्री, गाड्या, पावसाचं पाणी जवळ आहे, तर मात्र वाट बघत बसू नका, उचला. आणि माणसाचा हात लागला की मांजर पिल्लाला घेत नाही हे डोक्यातून काढा, सहसा असं काही होत नाही, माझ्या हातात तीन दिवस राहिलेलं तिने घेतलंच ना.

बरं, उचललंच, तर पहिलं काम दूध नाही. पहिलं काम ऊब. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, पाजलं तर उलट मरतं. बाटलीत कोमट पाणी भरायचं, ती जुन्या मोज्यात घालायची आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला सरकता येतं. अंग गरम झालं की मग दूध, आणि ते गाईचं नाही, त्याने हगवण लागते. पेट शॉपमध्ये मांजरांच्या पिल्लांची दूध पावडर मिळते ती घ्या, थेंब मनगटावर टाकून बघा, आणि पिल्लाला पोटावर ठेवून पाजा, आईला पितं तसं. उताणं पाजलं की दूध फुप्फुसात जातं, माझ्या त्या दोघांचं बहुतेक तेच झालं असणार. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, हो, रात्रीसुद्धा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते, मग आई नसेल तर कोमट ओल्या कापसाने ते काम कोणी करायचं? आपणच. जन्मतः शंभरेक ग्रॅमचं असतं ते, रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला पाहिजे, म्हणून आमच्या घरात स्वयंपाकाचा वजनकाटा कायमचा मांजरांकडे गेलाय आणि केक करताना मी मैदा अंदाजाने घालते.

पण खरं काम हे नाहीच. खरं काम आईला पकडायचं. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, जेमतेम नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच परत गाभण राहू शकते, म्हणजे वर्षाला दोन-तीन बाळंतपणं. तुम्ही पिल्लं उचलत बसा, ती तिकडे पुढची तयारी करतेय. म्हणून पिल्लं खायला लागली की पिंजरा लावायचा, आत बोंबील, सुकं नाही, ताजं, आमच्या मासेवाल्या मावशी मला तुकडे तसेच देतात, पैसे घेत नाहीत. दार पडलं की लगेच वर चादर, अंधारात मांजर शांत होते. नसबंदीचं ऑपरेशन करून, बरी झाली की जिथून आणली तिथेच सोडायची. कानाचं टोक सरळ कापलेली मांजर दिसली ना, तर ती भांडणात नाही कापली, ऑपरेशन झाल्याची खूण आहे ती.

तिथेच सोडायची म्हटलं की सोसायटीवाले चिडतात. आपल्याकडे मांजर मारली की काशीला जावं लागतं, त्यामुळे मारत कोणी नाही, पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतात आणि वर म्हणतात, मंडईत खायला भरपूर मिळतं. अहो, तिथे आधीच दहा मांजरं आहेत, ती हिला टिकू देतील का? आणि इथली जागा रिकामी झाली की दुसरी येतेच, ऑपरेशन न झालेली. शिवाय उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून येणं हा प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे, पण हे सांगितलं की लोक माझ्याकडे असं बघतात जसं काही मीच पोतं घेऊन आले.

आता घर देणं. दोन महिने पूर्ण झाल्याशिवाय मी पिल्लू देत नाही. घरी जाऊन बघते, खिडकीला जाळी आहे का, कारण चौथ्या मजल्यावरून मांजर पडत नाही हा गैरसमज आहे, कबुतराच्या मागे चांगली पडते. घरातल्या सगळ्यांना विचारते, विशेषतः ज्या बोलत नाहीत त्या सासूबाईंना. मुलीच्या वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून मागितलं तर नाही म्हणते. एकांनी पिल्लू परत आणलं, का, तर फोटोत डोळे निळे होते आणि आता पिवळे झाले! पिल्लांचे डोळे आधी निळेच असतात हो, दीड-दोन महिन्यांनी खरा रंग येतो. मी हसू दाबून पिल्लू घेतलं, बरंच झालं.

वाईट वाटतं ते सून गरोदर राहिली म्हणून मांजर परत येते तेव्हा. केस पोटात जातो म्हणतात, तसलं काही नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवी जंतूमुळे होणारा आजार असतो हे खरं, पण तो शीमधून पसरायला किमान एक दिवस जावा लागतो, म्हणून शीचा ट्रे रोज आणि दुसऱ्या कोणीतरी साफ करायचा, मटण नीट शिजवायचं आणि भाजी धुऊन घ्यायची. डॉक्टरांना जरूर विचारा, पण मांजर घालवू का असं नका विचारू, काय काळजी घेऊ असं विचारा.

आत्ता घरी चार आहेत. केशरी बोका तर फोटो टाकल्यावर तासाभरात ठरला, पट्टेरी दोघी एकत्रच कोथरूडला चालल्यात, दोन असली की आपसात खेळतात, पडदे वाचतात. राहिला काळा. आडवा जातो म्हणून काळ्याला कोणी विचारत नाही, चार महिन्यांचा होत आला तो, लस झालीय, ट्रे वापरतो, रात्री माझ्या मानेवर झोपतो. नवरा म्हणतो याला आता सातवं घर मिळालं, मी म्हणते नाही, देणार आहे. नाव मात्र ठेवून बसलेय, ते काही मी इथे सांगणार नाही.